साडेसहाच्या वर्गातला मिस्त्री

पहिल्याच तालमीत मागून कोणीतरी हसलं आणि मी खडू खाली ठेवला.

केबलच्या कचेरीतली ती खोली गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये म्हणून खालच्या दुकानातल्याच जुन्या गाद्या चारी भिंतींना ठोकलेल्या. मधोमध एक कॅमेरा, दोन दिवे, आणि त्या दिव्यांच्या झोतात मी – घामाघूम, पण ताठ. दोनच दिवसांनी, सोमवारी संध्याकाळी साडेसहाला, गावातल्या घराघरांतल्या टीव्हीवर माझा वर्ग सुरू होणार होता. मोठ्या माणसांचा वर्ग. लहानपणी ज्यांच्या वाट्याला शाळा आली नाही, त्यांच्यासाठी.

ही कल्पना माझी. हे मी आजही मान वर करून सांगते. प्रौढ शिक्षण केंद्रात मी तीन वर्षं शिकवत होते आणि तीन वर्षं माझ्यासमोर मोजून नऊ माणसं बसत होती. गावात वाचता न येणारे नऊच नव्हते, हे मला बाबांमुळे ठाऊक होतं. बाबांनी पस्तीस वर्षं घरोघरी टपाल वाटलं, आणि त्यातली कितीतरी पत्रं उंबऱ्यात उभं राहून वाचूनही दाखवली. कोणाची, ते मात्र त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, "लोक शिकायला तयार आहेत गं. दिसायला तयार नाहीत."

त्यावरूनच मला सुचलं. वर्गात यायला लाज वाटते ना, मग वर्गानंच घरी जावं. दार लावून घ्या, टीव्ही लावा आणि शिका. केबलच्या मालकांकडे मी सात खेपा घातल्या. त्यांच्या गावापुरत्या वाहिनीवर साडेसहा ते सात नुसतं एक गुलाबाचं फूल असायचं आणि खाली दुकानांच्या जाहिराती सरकत असायच्या. आठव्या खेपेला त्यांनी फूल काढलं आणि तो अर्धा तास मला दिला.

पडद्यावर एकटी बाई बोलत राहिली तर लोक कंटाळतील, समोर एखादा विद्यार्थी हवा, असं मालकांनी सुचवलं. त्यांचा मेव्हणा हौशी नाटकांत कामं करायचा. वाचता न येणारा माणूस तोच झाला होता. डोकं खाजवत, जीभ बाहेर काढत, पुस्तकावर बोट अडखळवत तो "क... म... ळ" म्हणत होता, आणि तेवढ्यात मागून ते हसू आलं.

हसणारा माणूस कोपऱ्यात गुडघ्यावर बसून माझ्या फळ्याच्या घोडीला शेवटचा स्क्रू पिळत होता. कानामागे पेन्सिल, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, केसांत लाकडाचा भुसा.

"काही चुकलं का, मिस्त्री?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

"तुमचं नाही. यांचं." त्यानं मेव्हण्याकडे मान वळवली. "न येणारा माणूस असं बोट फिरवत नाही."

"मग कसं फिरवतो?"

"तो आधी ओळीचं टोक बघतो... किती लांब जायचंय ते. मग आपल्याकडे कोण बघतंय ते बघतो. बोट शेवटी."

आपण काय बोलून गेलो हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. त्यानं हत्यारं पिशवीत भरली, फळा सरळ बसलाय का ते एकदा हातानं चाचपून पाहिलं आणि जिना उतरून निघून गेला. याला अभिनयातलं काय कळतं, असं मेव्हणा पुटपुटला. कॅमेरावाले काका फारसं कधी बोलत नसत, पण तेव्हा म्हणाले, "अभिनय कसला... तो स्वतःचं सांगत होता."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी त्याच्या कारखान्यात गेले आणि मी आत पाऊल टाकायला आणि पाऊस कोसळायला एकच गाठ पडली. वर पत्र्याचं छप्पर. शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागेल असा तडतडाट. आणि मला जे विचारायचं होतं ते ओरडून विचारण्यासारखं नव्हतं. त्यानं हातानंच एक स्टूल दाखवलं. मी बसले. तो रंधा मारत राहिला.

वीस-पंचवीस मिनिटं आम्ही दोघं तशीच, न बोलता. रंध्यातून लाकडाची पातळ वळी निघायची, गुंडाळी होऊन त्याच्या पायाशी पडायची. दर थोड्या वेळानं तो फळीवरून तळवा फिरवायचा, डोळे मिटून. ओल्या मातीचा नि ताज्या लाकडाचा वास एकमेकांत मिसळला होता. मागच्या दारातून त्याची वहिनी चहा घेऊन आली, मला तिनं आपादमस्तक न्याहाळलं आणि कपबशी देऊन तिथंच चौकटीला टेकून उभी राहिली. खरं सांगते, पाऊस थांबला तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं.

मग मी बोलले. सगळं सांगितलं – नऊ माणसं, बाबांचं वाक्य, मेव्हण्याची जीभ. त्या खुर्चीत खरा शिकणारा माणूस हवा, आणि तो असा हवा की ज्याला गाव मानतं, म्हणजे घरात दार लावून बसलेल्यांना वाटेल की यात कमीपणा काही नाही.

"या गावात माझ्या हाताला मान आहे, बाई," तो म्हणाला. "आणि तुम्ही मला सगळ्यांसमोर अ आ इ ई गिरवायला बसवणार."

"हो."

"लोक हसतील."

"हसतील. सुरुवातीला नक्की हसतील."

मी गोड बोलून समजूत घालीन असं त्याला वाटलं असावं. तो माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघत राहिला. त्याचे डोळे पिंगट होते, नुकत्याच पॉलिश केलेल्या लाकडासारखे... हे मला तिथं सुचायला नको होतं.

त्याचा दादा आतून बाहेर आला. वडील गेले तेव्हा धाकटा आठ वर्षांचा होता, त्याच्या हातात पाटीऐवजी पटाशी आपणच दिली, असं दादानं स्वतःहून सांगितलं. दुकानात येणाऱ्या याद्या तोच वाचायचा. धाकट्याला कोणी कागद दिला की तो चष्मा घरी राहिला म्हणायचा, आणि चष्मा त्याला कधी नव्हताच. आता हे चव्हाट्यावर आणायचं म्हणजे दुकानाची अब्रू जाणार, असं दादाचं म्हणणं.

तेव्हा चौकटीतून वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही तिथं बसलात ना... तर मी इथं बसेन. टीव्हीपुढं, वही घेऊन."

दादानं वळून बायकोकडे पाहिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

सोमवारी सहा वाजून दहा मिनिटांनी मिस्त्री जिना चढून आला. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस, केसांत भुशाचा कण नाही. कॅमेरा सुरू होण्याआधी त्यानं मला बाजूला बोलावून एक अट घातली. शाबासकी द्यायची नाही. लहान मुलांना देतात तशी तर मुळीच नाही. बरोबर आलं तर पुढं जायचं, चुकलं तर सांगायचं, बस्स.

मी कबूल झाले. माझ्या नोकरीत इतकी मानाची अट मला कोणी घातली नव्हती.

पहिल्या दिवशी त्याच्या हातात तीन खडू मोडले. पेन्सिलीनं लाकडावर खूण करतात तसा तो जोर लावायचा. दुसऱ्या दिवशी लाकडाच्या बाजारात त्याला सगळे 'बालवाडी' म्हणू लागले, तिसऱ्या दिवशी कोणीतरी कारखान्याच्या दारावर पोरांची पाटी टांगून गेलं. तो हे सगळं मला हसत सांगायचा, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. संध्याकाळी साडेसहाला मात्र तो हजर. चुकला की "पुन्हा लिहितो" म्हणायचा, आणि पुन्हा लिहायचा – सगळ्या गावादेखत.

महिन्याभरात वारं फिरलं. वह्यांच्या दुकानदारानं मला थांबवून सांगितलं की चार रेघांच्या वह्या संपल्या. मोठी माणसं येतात, मुलांसाठी हवी म्हणतात आणि पिशवीत अगदी तळाशी ठेवून नेतात. केंद्रात चौकशीचे फोन येऊ लागले. एक आवाज विचारायचा, "'ळ' कसा काढायचा ते उद्या परत दाखवता का... शेजारीण विचारत होती." शेजारणी फार झाल्या होत्या गावात.

एक दिवस मिस्त्री वेळेच्या बराच आधी आला. दारातच उभा, हसू आवरत.

"बाई, आमच्या कारखान्यासमोर एक भिंत आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलंय. मला वाटायचं, मालकाचं नाव असेल."

"मग?"

"आज वाचलं. 'येथे लाकूड टेकवू नये.'" तो क्षणभर थांबला. "अकरा वर्षं मी तिथंच फळ्या टेकवतोय."

मी इतकी हसले की काकांना दिवे लावायचे थांबावं लागलं. तोही हसला. हसताना तो खाली बघायचा आणि मग एकदम वर... आणि वर मी असायची.

त्याच सुमारास जोडाक्षरं आली. अर्धं अक्षर कसं लिहायचं हे मी दोन दिवस समजावत होते, काही केल्या जमेना. 'पुस्तक' हा शब्द फळ्यावर होता. तो बराच वेळ त्या 'स्त'कडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "अच्छा, हा तर सांधा आहे."

"कसा?"

"'स'नं आपला दांडा काढून टाकला. दांडा धरून बसला असता तर 'त'ला चिकटता आलं नसतं." त्यानं खडूनं दोन्हीतली जागा दाखवली. "जोडायचं तर एकानं थोडं कमी व्हायचं असतं."

"आणि दुसऱ्यानं?"

"दुसऱ्यानं... त्याला टेकू द्यायचं."

मी फळ्याकडे वळले. पुढं काय शिकवायचं होतं ते मला आठवेना. त्या दिवसानंतर मी जोडाक्षरं कायम अशीच शिकवत आले, आणि ती कोणाकडून शिकले तेही दर वेळी सांगते.

'र'ची जोडाक्षरं आली तेव्हा तर गंमतच झाली. पुस्तकात चार शब्द होते – प्रकाश, प्रवास, प्रेम, प्रश्न. मी पहिला लिहिला, दुसरा लिहिला आणि एकदम चौथ्यावर गेले.

"बाई, तिसरा राहिला," तो म्हणाला. चेहरा अगदी साळसूद.

"तो उद्या घेऊ."

"अवघड आहे का?"

"लिहायला नाही," मी म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर मला कळलं की आपण काय म्हणालो. उरलेला तास त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी लपलेलं होतं.

हे सगळं आमच्या दोघांपुरतं आहे असं मला वाटत होतं. पण कॅमेरावाले काका पूर्वी वीस वर्षं लग्नांचं चित्रीकरण करत असत. नवरीनं वर पाहिलं की कॅमेरा आपोआप नवऱ्याकडे न्यायचा, ही त्यांच्या हाताची सवय. मी त्याच्याकडे पाहिलं की काका त्याच्यावर जायचे, त्यानं नजर उचलली की माझ्यावर यायचे. गाव रोज साडेसहाला हे बघत होतं. भाजीवाली वांगी तोलता तोलता मला म्हणाली, "काल मिस्त्रींना यायला उशीर झाला वाटतं. दाराकडेच लक्ष होतं तुमचं."

मला खरं कळलं ते एका दुपारी. उजेड बरोबर पडतोय का ते बघायला काकांनी आदल्या दिवशीचा तास लावून दाखवला. पडद्यावर तो फळ्यावर वाकून 'वृक्ष' लिहीत होता, आणि मागं एक बाई उभी होती. हातातलं पुस्तक विसरलेली, मान किंचित कललेली. त्याचा 'क्ष' पुरा झाला तशी तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान पसरला, तो मी कधी आरशात पाहिली नव्हती. ही कोण, असं मला क्षणभर वाटलं. मग उठून मी खिडकीशी गेले. काका म्हणाले, उजेड ठीक आहे.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मालकांनी मला बोलावून घेतलं. माणूस मनानं वाईट नव्हता, पण धंद्याचा होता. वर्ग खूप लोक बघतात, म्हणाले, आणि का बघतात तेही मला ठाऊक आहे. तुम्ही दोघं ते जे एकमेकांकडे बघता ना, ते थोडं वाढवा. मिस्त्री उठले की जरा हसा. लोकांना आवडतं.

माझ्या अंगाची लाही झाली. मी इथं अक्षरं शिकवायला येते, हे जमणार नाही, आणि पुन्हा विचारलंत तर उद्यापासून तुमचं गुलाबाचं फूल परत लावा, असं सांगून मी बाहेर पडले.

पण संध्याकाळी स्टुडिओत मिस्त्री आला आणि माझ्याकडे बघून हसला. नेहमीसारखंच, तरीही माझ्या मनात पाल चुकचुकली. मालक त्याच्याशीही बोलले असतील तर... मला तर विचारलं, त्याला विचारल्याशिवाय राहतील का? आणि हे हसू त्याचं असेल की सांगितलेलं? मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी तोही हसला नाही. तिसऱ्या दिवशी मी पुस्तकात बघून शिकवलं आणि त्यानं फळ्यात बघून उत्तरं दिली. काकांचा कॅमेरा बिचारा इकडून तिकडे फिरत राहिला.

असे आठ दिवस गेले. अख्ख्या गावाला वाटलं आमचं भांडण झालं. केंद्रात फोन येऊ लागले, आणि या वेळी शेजारीण वगैरे कोणी मधे नव्हती. सरळ विचारायचे – बाई, मिस्त्रींचं काय चुकलं? घरी बाबा साडेसहाला टीव्ही लावायचे, सातला बंद करायचे आणि काही न बोलता चष्मा पुसत बसायचे. मी जेवायला बसले की माझ्याकडे बघायचे. विचारलं मात्र नाही. पोस्टमनचा स्वभाव, दुसऱ्याचं पाकीट उघडायचा नाही.

नवव्या दिवशी सकाळी केंद्राच्या दाराबाहेर कोणीतरी अडखळत, मोठ्यानं काही म्हणताना ऐकू आलं. "प्रौ... ढ... शिक्... षण... केंद्र." दार ढकलून वहिनी आत आली. हातात वही, चेहरा लखलखीत.

"कोणाला विचारलं नाही मी," ती म्हणाली. "पाट्या वाचत वाचत आले."

मी उठून तिचे हात धरले. तिला पाणी दिलं. ती बसली, पदर सारखा केला आणि मग मुद्द्याला आली. माझ्या दिरानं काय केलंय ते मला सांगा, त्याला घरी चार फटके देते, नाहीतर मग तुम्ही काय केलंय ते सांगा. मी तिची वही उघडून बघू लागले. तेव्हा तीच म्हणाली, "त्या केबलच्या मालकानं त्याला सांगितलं होतं, बाईंकडे जरा जास्त बघत जा म्हणून. हा म्हणाला, दरवाजे करून देतो, कपाटं करून देतो, नजर भाड्यानं देत नाही. मालकाच्या घरच्या कपाटांची ऑर्डर होती, तीही सोडून आला. तेव्हापासून घुम्यासारखा आहे. त्याला वाटतं, तुम्ही मालकांचं ऐकून हसत होतात."

मला हसू की रडू ते कळेना. दोघांनाही एकच गोष्ट सांगितली होती, दोघंही ताठ मानेनं नाही म्हणाले होते, आणि दोघंही दुसऱ्यावर रुसून बसले होते.

त्याच संध्याकाळी केंद्राच्या साक्षरता परीक्षेपूर्वीचा शेवटचा तास होता. सराव म्हणून एक वाक्य मी फळ्यावर लिहायचं आणि मिस्त्रींनी ते वाचायचं. पुस्तकात वाक्य ठरलेलं होतं, नदीविषयी. मी पुस्तक मिटलं. अक्षर मी टपोरं काढलं. घराघरांतून ते सगळ्यांना वाचायचं होतं.

तो उठला. आधी ओळीकडे पाहिलं, मग बोट न लावता वाचू लागला.

"बाई... कोणाच्या... सांगण्या... वरून... हसत नाहीत."

अक्षरं सगळी बरोबर आली. अर्थ यायला थोडा वेळ लागला. त्यानं वाक्य मनातल्या मनात पुन्हा वाचलं असावं, कारण ओठ हलले, आणि मग तो अगदी सावकाश माझ्याकडे वळला.

"हे पुस्तकातलं आहे?"

"नाही. माझं आहे."

"मग... मी एक लिहू का? खाली?"

मी खडू पुढं केला. त्यानं तो हलक्या हातानं धरला. एकेक अक्षर जपून काढत, शिरोरेघ सरळ ओढत त्यानं लिहिलं – 'मिस्त्रिही नाही.'

दाराच्या काचेपलीकडे मालक उभे होते. काकांनी कॅमेरा फळ्यावर रोखला होता आणि मला ठाऊक होतं की या क्षणी शेकडो घरांत शेकडो माणसं ती दोन वाक्यं वहीत उतरवून घेत होती.

"चुकलं आहे," मी म्हणाले. माझा आवाज मला परका वाटत होता. "'स्त्री'ची वेलांटी दुसरी."

त्यानं तळव्यानं वेलांटी पुसली, दुसरी काढली आणि मागं सरकून पाहिली. मी सरावाच्या पुढच्या प्रश्नाकडे वळले.

त्यानंतर परीक्षेपर्यंतचे पाच दिवस मी त्याला भेटले नाही. भेटावंसं वाटत नव्हतं असं नाही. पण तो पास झाला तर स्वतःच्या हातानं झाला असं गावानं म्हणायला हवं होतं, बाईंच्या मर्जीनं नाही. माझाच हट्ट होता तो, आणि निरोप पाठवून मी त्याला कळवलाही. उलट निरोप आला, ठीक आहे, एवढाच.

परीक्षा रविवारी सकाळी शाळेच्या इमारतीत होती. मी आठ वाजल्यापासून फाटकाशी उभी. बाबा माझ्या शेजारी, इस्त्रीच्या सदऱ्यात. आणि मग ती माणसं येऊ लागली. हमाल आले, धोबी आला. भाजीवाली टोपलीऐवजी कंपासपेटी घेऊन आली. एक आजोबा नातवाची पाण्याची बाटली गळ्यात अडकवून आले. एक सासू नि तिची सून दोघी एकत्र आल्या आणि एकमेकींकडे बघून लाजल्या. ज्यांनी इतकी वर्षं तोंड लपवलं ती माणसं आज भर उजेडात, सगळ्यांसमोर परीक्षेला निघाली होती. एकशे त्र्याऐंशी. मी मोजली. बाबाही मोजत असावेत. मधेच कोणाला तरी त्यांनी हात उंचावून नमस्कार केला, आणि त्या माणसानं थांबून सांगितलं, "पोस्टमनकाका, आता माझं पत्र मी वाचतो." बाबांनी चष्मा काढून पुसला.

मिस्त्री वहिनीबरोबर आला. मान हलवली, आत गेला.

दोन तासांनी घंटा झाली आणि पटांगण भरून गेलं. कोणाला 'श्र' आठवला नव्हता, कोणाचं गणित राहिलं होतं. पोरांसारखे सगळे एकमेकांना उत्तरं विचारत होते. त्या गर्दीतून तो सरळ माझ्याकडे आला. बोटांना शाई लागली होती.

"एक मार्क गेला, बाई."

कुठं गेला, मी विचारलं.

"शेवटच्या प्रश्नात. आपल्या घरातल्या माणसांविषयी पाच वाक्यं लिहा. दादावर एक लिहिलं, वहिनीवर दोन, पुतणीवर एक." तो थांबला. "पाचवं येत होतं. शब्द न् शब्द येत होता... पण ती ओळ तशीच सोडून आलो."

"का?"

"ते माणूस अजून घरात नाही. त्याला न विचारता कसं लिहायचं?"

आमच्या भोवतीचा गलका कधी थांबला ते मला कळलं नाही. गेले पाच महिने रोज संध्याकाळी ज्यांनी आम्हाला बघितलं होतं ते सगळे तिथं होते, हातभर अंतरावर. सगळ्यात आधी बाबा वळले. शाळेच्या सूचनाफलकाशी जाऊन ते बैठकव्यवस्थेचा कागद वाचू लागले. मग वहिनी गेली. मग भाजीवाली, धोबी, आजोबा, सासू नि सून... एकेक करून सगळे फलकाशी जमले, आमच्याकडे पाठ करून. आणि वाचू लागले. कोणी मनातल्या मनात, कोणी ओठ हलवत, कोणी मोठ्यानं. रकानेच्या रकाने, आसन क्रमांकांसकट.

मी त्या पाठमोऱ्या रांगेकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. तो उत्तराची वाट बघत ताठ उभा होता.

"लिहायला हवं होतंत," मी म्हणाले. "बरोबर होतं ते."